खाण तशी माती. पण माती तपासून घ्यावी



उस्मानाबादी शेळी ही आपल्या भागाची लक्ष्मी. जिल्ह्याचे नाव 2023 साली धाराशिव झाले, पण शेळीचे नाव देशभर आहे तेच राहिले. रंगाने बहुधा काळी, अंगाने काटक, एका वेताला जुळी करडे देणारी, आणि पावसाने पाठ फिरवली तरी बाभळीच्या शेंगांवर तग धरणारी अशी ही जात. गावोगावच्या बैठकीत आम्ही या शेळीबद्दल एक गोष्ट हटकून सांगतो : कळपातला बोकड दोन वर्षांनी बदलावा, त्याच्याच पोटच्या पाठी त्याला दाखवू नयेत. का, तर रक्तात दडून बसलेला एखादा दोष दोन्ही बाजूंनी एकत्र आला की करडू अधू निपजते. बोकड दिसायला कितीही देखणा असो, त्याच्या रक्तात काय दडले आहे ते त्याच्या अंगावर लिहिलेले नसते.

गाईंचेही तेच. 1950 च्या दशकात अमेरिकेत ऑसबर्नडेल आयव्हान्हो नावाचा एक होल्स्टिन वळू होता. त्याच्या वंशातल्या गाई दुधाला इतक्या सरस निघाल्या की कृत्रिम रेतनाने त्याचे रक्त जगभर पसरले. पुढे ध्यानात आले की दुधाबरोबर एक दोषही पसरला आहे. आईकडून व बापाकडून असा दोन्हीकडून तो दोष मिळालेली वासरे साध्या जंतूंशीही झुंजू शकत नाहीत, लहानपणीच दगावतात. 1992 साली शास्त्रज्ञांनी त्या दोषाची नेमकी जागा शोधून काढली. आज आपल्या देशात होल्स्टिन वळूची रेतमात्रा कांडीत भरण्यापूर्वी अशा आनुवंशिक दोषांसाठी वळूची तपासणी करावी लागते.

बोकडाचे, वळूचे, ज्वारीच्या बियाण्याचे कूळ आपण असे पाहून घेतो. माणसांत सोयरीक जुळवताना मात्र जमीन किती, विहिरीला पाणी किती, पाहुणे कोण, एवढेच विचारतो. "खाण तशी माती" ही म्हण आपल्या तोंडी असते. पण ती आपण दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी वापरतो. शेतातल्या मातीला आपण नावे ठेवत नाही, पिशवीत भरून तपासायला पाठवतो, आणि अहवालात जे कमी असेल ते भरून काढतो. माणसाच्या बाबतीत हीच रीत का नसावी?

म्हणून आज खते, फवारण्या बाजूला ठेवून माणसाच्या कुळात चालणाऱ्या एका विकाराविषयी लिहीत आहे. मी शेतकी शिकलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण बीज आणि वारसा हा आमच्या शिक्षणाचा पाया होता; आणि एका पत्रामुळे हा विषय टाळता येईना.

जळकोट भागातले पत्र

हे जळकोट म्हणजे आपल्या तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गजवळचे. लातूर जिल्ह्यातले जळकोट वेगळे. या भागातल्या एका भगिनीने सोयाबीनच्या साठवणीबद्दल विचारता विचारता शेवटी आपले खरे दुःख लिहिले आहे. नाव आणि वस्ती अर्थातच छापत नाही.

त्यांचे मालक अडतिसाव्या वर्षी गेले. सुगीत पोती उचलून ट्रॉलीत टाकताना छातीत व पाठीत कुणी टराटरा फाडावे तशी कळ आली, आणि दवाखाना गाठण्याआधीच सगळे संपले. झटका आला, असे सर्वांनी मानले. थोरला मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. उंची सहा फूट एक इंच, अंगावर मांस नाही, बोटे लांबसडक, चष्म्याचा नंबर उणे नऊ. गावात त्याच्या उंचीचे कौतुक. व्हॉलीबॉलच्या संघात तो हवाच. पोलीस भरतीच्या तयारीसाठी रोज पहाटे रस्त्यावर धावतो. सोलापूरला डोळे दाखवले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की डोळ्यातले भिंग जागेवरून सरकले आहे, आणि चिठ्ठीवर हृदयाची टू-डी इको तपासणी लिहून दिली. त्याला चार महिने झाले. चिठ्ठी देवघरात आहे.

ताई विचारतात, "डोळ्याच्या डॉक्टरांनी काळजाची तपासणी कशाला सांगितली असेल? दीर म्हणतात, उगाच काही निघाले तर पोराची भरती जाईल आणि धाकटीची सोयरीक मोडेल. मी काय करू?"

ताई, उत्तर आधी एका ओळीत देतो, मग सविस्तर लिहितो. ती चिठ्ठी देवघरातून काढा, याच आठवड्यात सोलापूर गाठा, आणि तोवर मुलाचे धावणे व उड्या मारणे बंद ठेवा.

विकाराचे नाव आणि इतिहास

सरकलेले भिंग, लांब हाडे आणि घरात तरुणपणी झालेला अचानक मृत्यू, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की जाणत्या डॉक्टरच्या मनात एक नाव येते : मार्फान सिंड्रोम. सिंड्रोम म्हणजे एकाच मुळातून फुटलेल्या अनेक लक्षणांचा जुडगा. हे नाव पॅरिसच्या आंत्वान मार्फान या बालरोगतज्ज्ञावरून पडले. 1896 साली त्यांनी गॅब्रिएल नावाची पाच वर्षांची एक मुलगी डॉक्टरांच्या सभेपुढे आणली. तिचे हात, पाय आणि बोटे कोळ्याच्या पायांसारखी लांब व बारीक होती. गंमत अशी की गॅब्रिएलला हा नव्हे, तर याच्या जवळचा दुसरा विकार असावा, असे आजच्या कित्येक जाणकारांना वाटते. पण नाव पडले ते पडले.

हाडांचा आणि डोळ्यांचा संबंध 1914 साली ध्यानात आला. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचा, म्हणजे महाधमनीचा संबंध 1943 साली उघड झाला. पुढे 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. व्हिक्टर मॅक्युसिक यांनी अशी कुटुंबेच्या कुटुंबे तपासली आणि हे सारे एकाच वारशाचे खेळ आहेत हे मांडले. 1991 साली त्या वारशाची नेमकी जागा सापडली. पंधराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचे ते एक जनुक आहे. म्हणजे एक कोडे सुटायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. तेव्हा आपल्या गावात हे कुणाला कळले नाही, यात कुणाचा दोष नाही.

हा विकार दुर्मिळ आहे. सुमारे पाच हजार माणसांत एक, असे प्रमाण धरतात. सर्व देशांत, सर्व जातिधर्मांत, स्त्रियांत आणि पुरुषांत तो सारखाच आढळतो. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची वस्ती साडेसोळा लाखांच्या वर भरली. जगाचे प्रमाण लावले तर आपल्या जिल्ह्यात तीनशेच्या आसपास माणसे निघावीत. ही काही मोजणी नव्हे, नुसता हिशेब आहे. पण "असले आजार आपल्याकडे नसतात" असे म्हणायला जागा नाही, एवढे त्यातून कळते.

दोरा कच्चा निघाला तर

द्राक्षबागेचा मांडव सर्वांनी पाहिला आहे. वेल, पाने, घड आपल्याला दिसतात. पण सगळा भार पेलतात त्या तारा. तार कच्ची निघाली तर बाग वर्ष-दोन वर्षे बरी दिसते, आणि घड भरले की एके दिवशी खाली येते. आपल्या शरीरातही अशाच सूक्ष्म तारा आहेत. त्या ज्या द्रव्याच्या बनतात त्यातले एक मुख्य द्रव्य म्हणजे फायब्रिलिन. मार्फान विकारात हे द्रव्य कच्चे तयार होते किंवा कमी तयार होते. मग जिथे जिथे तारांवर भार आहे, तिथे तिथे खोड दिसू लागते.

पहिली जागा डोळा. डोळ्यातले भिंग मधोमध टांगलेले असते. सायकलच्या चाकात तुंबा जसा चारी बाजूंच्या आऱ्यांनी मध्यावर धरलेला असतो, तसे ते भिंग बारीक धाग्यांनी धरलेले असते. हे धागे फायब्रिलिनचेच. ते ढिले पडले की भिंग सरकते, बहुधा वरच्या बाजूला. मार्फानच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचे भिंग सरकलेले आढळते. शिवाय लांबचे न दिसणे, चष्म्याचा नंबर भराभर वाढणे, डोळ्याचा पडदा सुटणे, काचबिंदू, कमी वयात मोतीबिंदू, ही संकटेही असतात. म्हणूनच पुष्कळदा हा विकार सर्वांत आधी डोळ्याच्या डॉक्टरलाच दिसतो. ताईंच्या डॉक्टरांनी केवळ डोळा पाहून काळजाचा इशारा दिला, तो यासाठी.

दुसरी जागा हाडे. याच द्रव्याकडे वाढीला लगाम घालण्याचेही काम असते. लगाम सुटला की लांब हाडे वाढतच जातात. उंची, लांब हात-पाय, छातीचे हाड आत दबलेले किंवा पुढे आलेले, पाठीचा कणा वाकडा, तळपाय सपाट, टाळू उंच व अरुंद, दात एकावर एक चढलेले, सांधे ढिले, असे रूप दिसते.

तिसरी जागा सर्वांत धोक्याची. मोटारीच्या तोंडाशी लावलेला रबरी पाइप आठवा. पाण्याचा पहिला जोर तिथेच बसतो. पाइप जुना झाला की त्याच जागी फुगा येतो. मोटार चालते, पाणी येते, आपण म्हणतो काही बिघडले नाही. आणि एके दिवशी बटण दाबताच पाइप उभा फाटतो. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या मुळाशी असेच घडते. तिथला भाग वर्षानुवर्षे हळूहळू फुगत जातो. दुखत नाही, खुपत नाही. मग कधी जड ओझे उचलताना, कधी काहीच कारण नसताना, आतला थर चिरतो. त्या वेळी छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी जी कळ येते तिला लोक झटका समजतात. ताईंच्या मालकांना हेच झाले असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण पत्रातले वर्णन वाचून कोणताही डॉक्टर मुलाला तपासल्याशिवाय राहणार नाही.

अमेरिकेच्या संघातली फ्लो हायमन ही व्हॉलीबॉलची नामांकित खेळाडू होती. उंची साडेसहा फुटांच्या जवळ. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाने रौप्यपदक मिळवले. जानेवारी 1986 मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावर बसली आणि कोसळली. वय अवघे 31. तिला हा विकार होता, हे मृत्यूनंतर कळले. जगातल्या सुधारलेल्या देशात, उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या खेळाडूचे हे झाले. तेव्हा पोर दणकट धावते म्हणून निर्धास्त राहू नये.

घरी काय पाहावे

उंच असणे हा रोग नव्हे. सडपातळ असणे हाही रोग नव्हे. गावातला प्रत्येक उंच मुलगा पकडून दवाखान्यात नेऊ नका. पण पुढच्या खुणांपैकी दोन-तीन एकत्र दिसल्या तर मात्र दाखवून घ्या.

पहिली खूण, टेपने मोजण्याची. मुलाला भिंतीला टेकवून दोन्ही हात आडवे पसरायला सांगा. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत अंतर मोजा. साधारणपणे ते उंचीइतकेच भरते. उंची 170 सेंटीमीटर आणि पसरलेले हात 179 किंवा अधिक, म्हणजे शेकडा पाचाहून जास्त फरक असेल, तर ते ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरी, मुठीची. अंगठा तळहातात घेऊन वर चार बोटे मिटायची. अंगठ्याचे पूर्ण नख करंगळीच्या बाजूने बाहेर आले तर लिहून ठेवा.

तिसरी, मनगटाची. एका हाताचा अंगठा व करंगळी यांनी दुसऱ्या हाताचे मनगट कवेत घ्यायचे. करंगळीच्या नखावर अंगठा पूर्ण चढला तर तेही लिहा.

चौथी, चष्म्याची. लहान वयात मोठा उणे नंबर, तो दरसाल वाढणे, चष्मा लावूनही फळ्यावरचे नीट न दिसणे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, घराण्याची. आई, वडील, आजा, चुलते, आत्या यांपैकी कुणी उंच, जाड चष्म्याचे होते का? कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेले का? ही माहिती कोणत्याही यंत्रात मिळत नाही. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी असते. त्यांना विचारा आणि वहीत लिहा.

या खुणांवरून घरी निदान करायचे नसते. निदान डॉक्टरच करतात. डोळ्याची तपासणी, हृदयाची टू-डी इको, हाडांची पाहणी, घराण्याचा इतिहास आणि गरज पडल्यास रक्तातल्या जनुकाची चाचणी, हे सारे जोडून ते ठरवतात. टू-डी इको म्हणजे गरोदर बाईची करतात तशीच सोनोग्राफी, फक्त छातीवरून. सुई नाही, चिरा नाही, दुखत नाही.

वारसा कसा चालतो

मेंडेल नावाच्या धर्मगुरूने मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे मोजून 1866 साली वारशाचे नियम छापले. प्रत्येक गुणासाठी दोन दाणे असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. मार्फानमध्ये दोनपैकी एक दाणा कच्चा असला तरी विकार दिसतो. म्हणून आईला किंवा बापाला तो असेल, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. नाणेफेकच म्हणा. पहिल्याला आला म्हणजे दुसरा सुटला, असे नाही; प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. चारपैकी चौघांना येईल किंवा एकालाही येणार नाही. ज्याला आलाच नाही, त्याच्या पुढच्या पिढीला तो त्याच्याकडून जात नाही.

यात तीन गोष्टी नीट समजून घ्या. एक, हा विकार बापाकडून जितका येतो तितकाच आईकडून येतो. मुलगा-मुलगी असा भेद नाही. दोन, सुमारे चारांतल्या एका रुग्णाच्या घरात पूर्वी कुणालाच तो नसतो. गर्भ धरतानाच बीजात नवा बदल घडलेला असतो. ग्रहणात भाजी चिरली, नारळ फोडला, कुणाची नजर लागली, यांचा त्यात काही संबंध नाही. सून घरात आली आणि खोड घेऊन आली, असे म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. तीन, एकाच घरात तो सारखा दिसत नाही. एकाचे डोळे अधू, दुसऱ्याचा कणा वाकडा, तिसरा वरवर धडधाकट आणि महाधमनी मात्र फुगलेली. म्हणून एकाला निघाला की त्याच्या सख्ख्या भावंडांची व पालकांची तपासणी करावी लागते, मग ते कितीही निरोगी दिसोत.

सारखा दिसणारा दुसरा विकार

आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे, म्हणून हेही सांगितले पाहिजे. मार्फानचा आणि नात्यातल्या लग्नाचा संबंध नाही. पण दिसायला त्याच्यासारखाच एक दुसरा विकार आहे, होमोसिस्टिन्युरिया. 1962 साली उत्तर आयर्लंडमध्ये आणि अमेरिकेत तो प्रथम ओळखला गेला. यातही मूल उंच, हात-पाय लांब, भिंग सरकलेले. मात्र भिंग बहुधा खाली सरकते. हाडे ठिसूळ होतात, बुद्धीची वाढ मागे पडू शकते आणि रक्ताच्या गुठळ्या होतात. या विकाराला दोन्ही दाणे कच्चे लागतात. आईबाप दोघेही निरोगी दिसतात, पण दोघांच्या रक्तात एकेक कच्चा दाणा दडलेला असतो. मग दर मुलामागे चारांत एक शक्यता. नात्यातल्या लग्नात तोच दडलेला दाणा दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो. आमच्या बोकडाची गोष्ट ती हीच.

हे वेगळे ओळखणे फार महत्त्वाचे, कारण होमोसिस्टिन्युरियाच्या सुमारे निम्म्या रुग्णांना ब-6 जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी गुण येतो. इतरांना आहारात प्रथिनांचे पथ्य व अन्य औषधे लागतात. रक्ताच्या तपासणीत फरक कळतो. लवकर कळले तर मुलाची बुद्धी आणि डोळे दोन्ही वाचू शकतात. म्हणून भिंग सरकलेल्या मुलाच्या बाबतीत "ही तपासणीही करायची का?" असे डॉक्टरांना जरूर विचारा.

उपाय आहेत का?

मूळ दोष काढून टाकणारे औषध नाही. पण जपून राहण्याचे उपाय चांगले आहेत, आणि त्यांनी आयुष्य खरोखर वाढते. 1972 साली अमेरिकेत अशा रुग्णांचा अभ्यास झाला तेव्हा मृत्यूचे सरासरी वय 32 भरले होते. पुढच्या वीस-बावीस वर्षांत औषधे व शस्त्रक्रिया आल्या, आणि तिथेच ते आयुर्मान सत्तरीच्या घरात गेले. बत्तीस आणि सत्तर यांत जे अंतर आहे ते वेळीच केलेल्या तपासणीचे आहे.

उपाय असे. हृदयावरचा जोर कमी करणाऱ्या रोजच्या गोळ्या डॉक्टर देतात. पाण्याचा दाब कमी केला की पाइप जास्त दिवस टिकतो, तसेच हे. ठरलेल्या मुदतीने, बहुधा वर्षातून एकदा, इको करून महाधमनीची रुंदी मोजतात. ती पाच सेंटीमीटरच्या आसपास गेली की, कधी घराण्याचा इतिहास पाहून त्याआधीही, शस्त्रक्रियेने तो भाग बदलतात. 1968 साली लंडनच्या डॉ. बेंटॉल यांनी अशी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज ती आपल्याकडेही होते. फाटण्याआधी ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि फाटल्यावर धावपळीत केलेली शस्त्रक्रिया यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोळ्याचे सरकलेले भिंगही, गरज असेल तर, काढून दृष्टी सुधारता येते.

ताईंच्या तीन प्रश्नांना उत्तरे

पहिला प्रश्न भरतीचा. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. इकोत महाधमनी फुगलेली निघाली तर हे दोन्ही त्याने करू नये. व्हॉलीबॉल, कबड्डी, कुस्ती आणि पन्नास किलोची पोती उचलणेही नाही. हे ऐकून त्याला वाईट वाटेल. सतरा वर्षांच्या पोराला धावू नको म्हणणे सोपे नाही. पण चालणे, हलके काम, शिक्षण, नोकरी, व्यवसाय यांना बंदी नसते. डोळ्यांच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारून मार्ग ठरवा. रोपवाटिका, ठिबकची जोडणी, माती तपासणी, दुकानदारी, कारकुनी, शिक्षकी, किती तरी वाटा आहेत. इको चांगला निघाला तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीने पुन्हा करावा लागेल, हेही लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न धाकटीच्या सोयरिकीचा. ताई, मुलाला हा विकार निघाला तर धाकटीलाही तपासा. तो तिच्यात नाही असे ठरले, तर तुमच्या मनावरचा दगड उतरेल. आणि असला, तर तपासणी तिच्यासाठी अधिकच गरजेची आहे, कारण अशा स्त्रीला बाळंतपणात महाधमनीचा धोका वाढतो. दिवस जाण्याआधी इको करून घेणे, त्या काळात जाणत्या डॉक्टरच्या नजरेखाली राहणे, मोठ्या रुग्णालयातच बाळंत होणे, याने जीव वाचतो. लपवून लग्न लावले, तर सासरी कुणाला काही माहीत नाही आणि कळ आली की शेक-चोळ करत बसतील. लपवलेली गोष्ट सोयरीक वाचवत नाही. नुसती पुढे ढकलते, आणि तिची किंमत मुलीने मोजायची असते. सांगून जो पाहुणा परत गेला, तो गेलेलाच बरा.

दीर भाऊसाहेबांनाही माझी विनंती आहे. भावाला हा विकार असेल, तर तो तुमच्यातही असू शकतो. तुमचीही मुले आहेत. लोक काय म्हणतील या भीतीने चिठ्ठी देवघरात राहिली, तर धोका एका घरात राहत नाही. पुतण्याबरोबर तुम्हीही इको करून घ्या.

तिसरा प्रश्न पत्रात उघड विचारलेला नाही, पण ओळींच्या मागे दिसतो : पैसे. सोलापूरचे सिव्हिल हॉस्पिटल, धाराशिवचे जिल्हा रुग्णालय येथे आधी चौकशी करा. आठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 2013 साली तो आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे पथक शाळांत व अंगणवाड्यांत येते. जन्मजात दोष, दृष्टिदोष, हृदयदोष असलेल्या मुलांना ते पुढे पाठवते. तुमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, म्हणून उशीर नको. मुख्याध्यापकांना किंवा आशाताईंना भेटा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड व आधार घेऊन त्याला विचारा. मुंबईचे केईएम रुग्णालय हे केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणातले एक मान्य केंद्र आहे. जनुकाच्या तपासणीचा सल्ला लागला तर तेथे जाता येते.

भिंतीवर लावण्यासारखे

ज्या घरात हा विकार निघेल, त्यांनी चार ओळी कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात.

1. छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली तर घरगुती उपाय नको. 108 ला फोन करा आणि "महाधमनीचा विकार आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

2. डोळ्यापुढे विजा चमकल्या, काळे ठिपके एकदम वाढले किंवा पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठा.

3. कोणत्याही डॉक्टरकडे साध्या तापा-जुलाबासाठी गेलात तरी विकाराचे नाव सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या गटातली औषधे अशा रुग्णांना शक्यतो देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने 2018 साली दिला आहे. दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका.

4. चालू असलेली गोळी बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. इकोचे सर्व कागद एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून ठेवा.

बंधू-भगिनींनो, मातीचा अहवाल हाती येतो तेव्हा त्यात कधी स्फुरद कमी असते, कधी चुनखडी जास्त असते. म्हणून कुणी शेत टाकून देत नाही. त्या शेताला काय मानवेल ते पाहून पीक घेतो, आणि तेही चांगले येते. माणसाच्या कुळातले उणे कळले म्हणून कूळ टाकायचे नसते. काय जपायचे ते कळते, एवढाच त्याचा अर्थ. या विषयावर आणखी कुणाला विचारायचे असेल तर जरूर लिहा; नावे गुप्त राहतील.

पुढच्या अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी. पक्ष्यांसाठी शेतात मचाणे आताच उभी करा, म्हणजे तोवर निम्मे काम झालेले असेल.